जड लाकूडकाम मशिनं घरच्या वर्कशॉपमध्ये आत न्यायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुनी तीन मशिनं घेतलीयत, साधारण २५० किलोचा कॅबिनेट टेबल सॉ (टेबलातून वर येणाऱ्या गोल पात्याची करवत), १८ इंची बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीपात्याची उभी करवत) आणि ८ इंची जॉइंटर (लाकूड रंधून सरळ करणारं मशीन). गाडी वर्कशॉपच्या दारापर्यंत येते, पण तिथून एक १५ सेंटीमीटरची पायरी चढायचीय, दाराची मोकळी रुंदी जेमतेम ८० सेंटीमीटर, आणि मदतीला एक माणूस. चार-पाच जण गोळा करून उचलून नेलं तर चालेल का?

नाही. उचलून अजिबात नेऊ नका, आणि हे मी घाबरवायला म्हणत नाहीये. २५० किलो पाच जणांत वाटले तर प्रत्येकी ५० किलो येतात, आणि एकट्या माणसाने अगदी आदर्श परिस्थितीत, सरळ पाठीने, अंगाजवळ धरून उचलायच्या वजनाची नायॉशची (अमेरिकेतली कामगार सुरक्षेवर काम करणारी सरकारी संस्था) मर्यादाच २३ किलो आहे. वर वजन कधी सारखं वाटलं जात नाही. दारात वळताना दोघं आत, दोघं बाहेर, एक जण मध्ये अडकलेला अशी अवस्था येते आणि त्या क्षणाला दोनच माणसांच्या हातात सगळा भार असतो, त्यातल्या एकाचा पाय पायरीवर सरकला की बाकीचे हात आपोआप सोडतात किंवा, त्याहून वाईट, पडणारं मशीन धरायला जातात. शिवाय धरायला जागा कुठे असते? माणसं हाताला येईल ते धरतात, म्हणजे टेबलाचे पंख (बाजूंना जोडलेले वाढीव भाग), फेन्सची (लाकूड टेकवून सरकवायच्या पट्टीची) रेल, हँडव्हील, आणि नेमक्या याच गोष्टी वजन पेलण्यासाठी बनवलेल्या नसतात.

माझं सांगणं एवढंच आहे की मशीन उचलायचंच नसतं. एका बाजूने दोन-तीन सेंटीमीटर वर करायचं, खाली गुटका सरकवायचा, दुसऱ्या बाजूने तेच, मग खाली पाइप घालून ढकलत न्यायचं. जमिनीला टेकलेलं ३०० किलो कुणाला काही करत नाही. त्रास सुरू होतो ते वर गेल्यावर किंवा कलल्यावर. म्हणून कुठल्याही क्षणी मशीनखाली इतके गुटके असले पाहिजेत की हातातलं सगळं सोडून दिलं तरी ते फार तर एक-दोन सेंटीमीटर खाली बसेल, त्याहून जास्त नाही. एवढी एक गोष्ट पाळली तर दोन माणसं पुरतात, आणि खरं सांगायचं तर पाचांपेक्षा दोघंच बरी, कारण पाच जण असले की प्रत्येकाला आपण जोर लावावा असं वाटतं आणि कुणाचंच कुणाकडे लक्ष नसतं.

आधी तोलाचा हिशोब समजून घ्या, कारण लोक वजन विचारतात आणि गुरुत्वमध्य किती उंचीवर आहे हे कुणीच विचारत नाही. समजा बँडसॉचा बेस ५० सेंटीमीटर रुंद आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १०० सेंटीमीटरवर. वजन बरोबर मध्यावर असतं तर साधारण १४ अंश कलल्यावर ते उलटलं असतं. पण बँडसॉमध्ये टेबल एका बाजूला लटकतं, बऱ्याच मशिनांत मोटरही एका अंगाला असते, त्यामुळे वजन मध्यापासून समजा ८ सेंटीमीटर सरकलेलं आहे, की त्या बाजूला साडेनऊ-दहा अंशातच ते जातं. ५० सेंटीमीटरच्या बेसची एक बाजू ८ सेंटीमीटर वर केली की ९ अंश झालेच! म्हणजे पॅलेट ट्रकचा (दोन काट्यांनी माल उचलणारी हातगाडी) एकच काटा चुकीच्या बाजूने खाली घालून उचलला तरी बँडसॉ पडायच्या बेतात येतो. टेबल सॉचं तसं नाही, त्याचा मध्य साधारण ६० सेंटीमीटरवर धरला तर २० अंशांच्या पुढेपर्यंत तो तग धरतो, म्हणून टेबल सॉ हलवून आत्मविश्वास आला की लोक बँडसॉ त्याच पद्धतीने हलवायला जातात आणि तिथेच घात होतो.

वजन नेमकं माहीत नसेल तर मशीनवरची प्लेट बघा, नाहीतर मॅन्युअल शोधा. तेही नसेल तर बाथरूमचा वजनकाटा वापरता येतो, एक कड काट्यावर आणि दुसरी कड तेवढ्याच जाडीच्या गुटक्यावर टेकवायची, आकडा लिहून घ्यायचा, मग बाजू बदलून परत. दोन्हींची बेरीज म्हणजे मशीनचं वजन. आणि कुठली बाजू जड ते पण कळतं: डावीकडे १५० आणि उजवीकडे १०० आले, दोन टेकूंमध्ये ५० सेंटीमीटर अंतर असलं, तर मध्य डाव्या टेकूपासून २० सेंटीमीटरवर आहे. काट्याची मर्यादा मात्र आधी बघा, बहुतेक १५०-१८० किलोला संपतात.

आता सुटं करणं. जेवढं सहज निघतं तेवढं काढा, पण जे काढल्यावर परत सेट करायला दोन दिवस जातील त्याला हात लावू नका. टेबल सॉचं सांगायचं तर प्लग काढून आधी ब्लेड काढा, मग फेन्स, रेल आणि दोन्ही बाजूंचे पंख. कास्ट आयर्नचा एकेक पंख साधारण १५-२० किलोचा असतो आणि तो बोल्ट सुटताना अचानक खाली येतो, म्हणून शेवटचा बोल्ट काढायच्या आधी खाली टेकू लावा किंवा दुसऱ्याने धरलेलं असू द्या. पंख आणि मधलं टेबल यांच्या सांध्यात कधीकधी कागदाच्या किंवा पत्र्याच्या बारीक चकत्या असतात, त्या कुठल्या बोल्टपाशी होत्या ते लिहून पिशवीत भरा, नाहीतर पंख परत समपातळीत आणताना नाकी नऊ येतील. आर्बर (पातं बसतं तो दांडा) खाली आणून तिरपेपणा शून्यावर लॉक करा. वजन जास्तच वाटत असेल तर मोटर काढता येते, ३ हॉर्सपॉवरची मोटर २५-३५ किलो सहज असते, पण मशीन उभंच नेणार असाल तर ती आतच राहू द्या, खाली असलेलं वजन तोलाला मदतच करतं. आडवं करणार असाल तर मात्र मोटर काढाच, किंवा तिच्याखाली लाकडी गुटका घट्ट बसवा, कारण ती ज्या ट्रनियनवर (पातं तिरपं करायच्या आधारावर) टांगलेली असते ते बाजूच्या हिसक्यासाठी बनलेलं नसतं.

कास्ट आयर्नबद्दल एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. दाब सोसायला ते फार मजबूत, पण ताण आला की त्याच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यातच तुटतं आणि तुटायच्या आधी वाकून इशारा देत नाही. त्यामुळे कान, पाय, ब्रॅकेट अशा बाहेर आलेल्या भागांवर पहार लावून उचललं की टक्कन तुकडा हातात येतो. पहार नेहमी बेसच्या सलग कडेखाली लावायची आणि मध्ये लाकडाची पट्टी. पातळ पत्र्याच्या स्टँडवरचं मशीन असेल तर त्या पत्र्याखाली पहार घालूच नका, तो वाकेल, आणि एक पाय वाकला की मशीन कायमचं डुगडुगतं. मशीनचे कोपरे आलटून पालटून फिरवत चालवत नेतात ना, तेही मला पटत नाही, चार बोटं सरकवायला ठीक आहे, पण त्यात सगळं वजन तिरपं एका पायावर येतं.

जॉइंटरमध्ये सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते लगेच दिसतही नाही. लांब टेबलं दोन्ही टोकांना बाहेर आलेली असतात, हातात छान येतात, दोघं दोन टोकांना धरून उचलतात आणि दीड-दोनशे किलोचा भार त्या टेबलांच्या खाचांवर आणि गिबवर (खाचेत टेबल घट्ट धरणाऱ्या पट्टीवर) येतो. दोन्ही टेबलं एका पातळीत असणं हाच जॉइंटरचा प्राण आहे, ते बिघडलं की लाकूड कधी सरळ होत नाही आणि माणूस महिनोन्महिने पात्यांना दोष देत बसतो. पॅरलेलोग्राम प्रकारच्या (टेबलं जोडदांड्यांवर वरखाली होतात अशा) जॉइंटरमध्ये टेबलं एक्सेंट्रिक बुशवर (फिरवून पातळी जुळवायच्या बुशवर) बसवलेली असतात, ती सेटिंग हलली तर परत लावणं फार वेळखाऊ काम आहे. म्हणून टेबलांच्या टोकांना हात नाही, पट्टाही नाही. फेन्स आणि गार्ड काढा, बेल्ट काढा, स्टँड आणि वरचा भाग जोडणारे तीन-चार बोल्ट सोडले की बहुतेक ८ इंची जॉइंटर दोन तुकड्यांत वेगळे होतात. वरचा भाग इंजिन क्रेनने (गॅरेजमध्ये इंजिन काढायला वापरतात ती चाकांवरची छोटी हायड्रॉलिक क्रेन) घ्यायचा असेल तर पट्टा कटरहेडच्या (पाती बसवलेल्या फिरत्या रुळाच्या) दोन्ही अंगांना, मधल्या कास्टिंगच्या अगदी जवळ. पट्टा पात्यांना लागत नाही ना ते बघा आणि कटरहेडवर जाड पुठ्ठा बांधून ठेवा, बंद मशीनची पाती पण हात कापतातच.

बँडसॉला वेळ द्या. पात्याचा ताण सैल करून पातं काढा, दोन्ही दारं बंद करून चिकटपट्टी लावा, टेबल निघत असेल तर काढा, त्याने वजन तर कमी होतंच पण ते एका बाजूला ओढलेलंही राहत नाही. वरच्या चाकाला, गाइडच्या दांड्याला किंवा टेबलाला धरून कधी ओढायचं नाही. १८ इंची बँडसॉ साधारण १८५-१९५ सेंटीमीटर उंच असतो आणि इथे एक गोष्ट हमखास राहून जाते: सगळे दाराची रुंदी मोजतात, उंची मोजत नाहीत. स्किडचे (मशीनखाली आवळायची लाकडी चौकट, पुढे सांगतो) ५ सेंटीमीटर, पाइपचे साडेतीन, खालच्या प्लायचे २, झाले दहा, म्हणजे १९२ चं मशीन २ मीटरच्या दारातून उभं जातच नाही. हे गाडीवाला ताटकळत उभा असताना कळू नये म्हणून आधीच टेपने मोजा, रुंदी पण चौकटीच्या सगळ्यात अरुंद जागी. दाराचं पान बिजागरीतून काढलं तर तीन-चार सेंटीमीटर सहज मिळतात, काढाच.

आडवा करायचा असेल तर बँडसॉ त्याच्या कण्यावर निजवायचा, म्हणजे जिथे पातं चालतं त्याच्या विरुद्ध बाजूच्या जाड खांबावर. स्टीलच्या फ्रेमचे बँडसॉ यासाठी ठीक असतात, जुन्या कास्ट आयर्न कमानीच्या छोट्या मशिनांचं मात्र स्टँड वेगळं करून वरचा भाग वेगळा न्या. निजवताना लक्षात घ्या की तोल कडेच्या पलीकडे गेला की मशीन स्वतःच्या वजनाने पुढे जायला लागतं, आणि शेवटी जवळजवळ आडवं झाल्यावर वरच्या टोकाला साधारण अर्धं वजन येतं. २५० किलोच्या मशीनला ते सव्वाशे किलो झाले, म्हणजे दोघांनी हाताने धरून हळूच टेकवू हा विचारच चुकीचा आहे. वर आयबोल्ट (उचलायच्या कडीचा बोल्ट) असेल तर इंजिन क्रेन लावून खाली सोडा, क्रेनचा व्हॉल्व्ह अगदी पाव आट्याहून कमी उघडून. बेसची कड मागे सरकू नये म्हणून तिथे पक्का अडसर हवा. खाली आडव्या गुटक्यांची दोन ठाणी तयार ठेवा, कण्याला आधार मिळेल अशा जागी, दाराच्या पत्र्याखाली किंवा डस्ट पोर्टखाली (भुसा बाहेर काढायच्या तोंडाखाली) नाही.

थिकनेसर (लाकूड एकसारख्या जाडीचं करणारं मशीन) असेल तर टेबलावर दोन लाकडी ठोकळे ठेवून वरचा भाग त्यांच्यावर हलका टेकेल एवढं आणून लॉक करा, म्हणजे स्क्रूंवर हिसके बसत नाहीत. लेथचा टेलस्टॉक आणि टूलरेस्ट काढून घ्या आणि वजन हेडस्टॉकच्या बाजूला आहे हे धरून चाला, बाकी विशेष काही नाही.

आता स्किड. माझ्या मते दोन तासांचं हे काम सगळ्यात जास्त कामाला येतं. साधारण १० बाय ५ सेंटीमीटरच्या दोन सरळ बत्त्या (लाकडाचे लांब तुकडे) आडव्या टाकून, वर आडपट्ट्या, आणि मशीनच्या बेसची बोल्टची भोकं असतात त्यातून कोच स्क्रू घालून मशीन त्याला पक्कं आवळायचं. नुसतं वर ठेवायचं नाही, आवळायचं. बत्त्यांची पुढची-मागची खालची कड तिरपी तासून घ्या, पाइप सहज आत शिरतो. तुमचं दार ८० चं आहे म्हणून स्किड ७५ रुंद करा. मघाचाच बँडसॉचा हिशोब परत घातला तर जड बाजूला दहा अंशांऐवजी साधारण १६ अंश मिळतात, वजन तेच, उंची तीच, फक्त पाय फाकवून उभा केल्यासारखा.

पाइप १ इंची जीआय घ्या, बाहेरून साधारण ३३ मिलीमीटर भरतात, सगळे एकाच मापाचे आणि सरळ, पाच-सहा तरी. फरशी खडबडीत असेल तर खाली १८ मिलीमीटरचा प्लाय अंथरा, दोन प्लायचा सांधा पाइपला समांतर येऊ देऊ नका, तिथे अडकतो. मशीन जेवढं पुढे जातं त्याच्या निम्मं अंतर पाइप जातात, त्यामुळे मागचा पाइप लवकरच मागे मोकळा होतो, तो उचलून पुढे घालायचा, आणि कुठल्याही वेळी स्किडखाली किमान तीन पाइप. वळवायचं असेल तर पुढचा पाइप हातोडीने ठोकून तिरपा करा, मशीन आपोआप त्या दिशेला जातं. हाताने पाइप सरळ करायचा नाही आणि पाइपच्या पोकळ टोकात बोट तर कधीच घालायचं नाही. हातातल्या अंगठ्या, कडी काढून ठेवा. सपाट जमिनीवर पाइपवर ३०० किलो एक माणूस ढकलतो, जोर इतका कमी लागतो की पहिल्यांदा करणाऱ्याला वेग आवरत नाही, तेव्हा पुढे एक गुटका अडसर म्हणून सरकवत राहणं हे दुसऱ्या माणसाचं काम.

उचलायला पहार. दीड मीटरची पहार, टोकापासून ७ सेंटीमीटरवर टेकू, म्हणजे साधारण वीसपट जोर. १५ किलोचा दाब दिलात तर टोकाशी ३०० किलो, आणि एक बाजू उचलायला तर जेमतेम अर्धंच वजन लागतं. टेकू कडक लाकडाचा आणि रुंद. पहारीवर कुणी बसायचं नाही, पाय दोन्हीकडे टाकून उभं राहायचं नाही, आणि हनुवटी तिच्या वाटेत येऊ द्यायची नाही, सटकली तर ती सरळ वर येते. एक जण पहार दाबेल, दुसरा गुटका लाकडाच्याच पट्टीने आत ढकलेल, बोटांनी नाही. आणि बोलायचं एकानेच, पण "थांब" म्हणायचा हक्क दोघांनाही, आणि ते ऐकलं की का विचारायच्या आधी थांबायचं.

पायरीबद्दल माझं मत ठाम आहे, बरेच जण उतार करा म्हणून सांगतील. १५ सेंटीमीटरसाठी दीड मीटरचा उतार केला तर २५० किलोला वर ढकलायला २५ किलोच्या वर थोडा जोर लागतो, कागदावर सोपं आहे. पण उतारावर पाइप म्हणजे मशीन मागे पळायला मोकळं, आणि प्लाय मध्ये आधार नसेल तर लवतो. त्यापेक्षा मशीन पायरीबाहेरच, सपाट जागेवर, १५ सेंटीमीटर वर चढवा. एका बाजूला अडीच सेंटीमीटर, गुटका, दुसऱ्या बाजूला अडीच, गुटका, असं करत आडव्या-उभ्या थरांची चळत रचत जायचं, प्रत्येक थर आधीच्याला काटकोनात. चळतीची उंची तिच्या रुंदीच्या दुपटीच्या आतच ठेवायची, इथे तर तेवढी लागतच नाही. पायरीच्या पातळीला आलं की चळतीवरून उंबऱ्यापर्यंत जाड फळ्यांचा पूल करा, फळ्या दोन्ही टोकांना सरकणार नाहीत अशा अडवा, आणि पाइपवरून सपाटच आत ढकला. तासभर जास्त लागेल, लागू दे. बँडसॉ मात्र या पद्धतीने उभा चढवू नका, आडवाच.

उतार टाळताच येत नसेल, म्हणजे गाडीच्या फाळक्यावरून उतरवायचं असेल, तर वरून दोर हवाच. मजबूत खांबाला दोराचे पूर्ण दोन वेढे घेतले तर घर्षणामुळे हातातल्या जोराच्या वीसपटीहून जास्त भार धरला जातो, सोडणारा माणूस हळूहळू सैल करतो. दोर हाताला गुंडाळायचा नाही. मशीनच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, दिशा दाखवायला सुद्धा नाही. गाडीला टेल लिफ्ट (मागचा वर-खाली होणारा फाळका) असेल आणि पॅलेट ट्रक मिळत असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो. पॅलेट ट्रकची क्षमता २ टनांच्या वरच असते, काटे खाली असताना साधारण ८५ मिलीमीटर उंच, त्यामुळे स्किडखाली तेवढी जागा लागते, १० सेंटीमीटरच्या बत्त्या उभ्या लावल्या तर मिळते. त्याची पुढची चाकं अगदी बारीक असतात, फरशीच्या भेगेत किंवा टेल लिफ्टच्या कडेला अडकतात आणि मशीन पुढे झुकतं, तिथे आधी पत्रा टाका.

गाडीत मशीन पुढच्या फाळक्याला टेकवून बांधा. माल बांधायच्या युरोपियन नियमांत ब्रेकच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट जोर धरतात, म्हणजे २५० किलोच्या मशीनला जोरात ब्रेक लागला की २०० किलोचा धक्का. खाली रबराची मॅट, चारही कोपऱ्यांना रॅचेट पट्टे, पण पट्टा टेबलावरून किंवा फेन्सवरून घालून आवळू नका, बेसला आणि स्किडला घ्या.

इंजिन क्रेन वापरणार असाल तर तिच्यावर लिहिलेले २ टन हे बूम सगळ्यात आखूड असतानाचे, पूर्ण लांब केली की बऱ्याच क्रेनवर ५०० किलोच राहतात, हे बूमवरच लिहिलेलं असतं. लटकतं मशीन घेऊन लांब ढकलत जाऊ नका, उचला, खाली स्किड सरकवा, लगेच टेकवा. पॉलिएस्टरचे पट्टे रंगावरून ओळखता येतात, जांभळा १ टन, हिरवा २ टन, पिवळा ३ टन, पण हे सरळ उभ्या उचलीचे आकडे. पट्टा फास करून घातला तर ८० टक्केच धरा. दोन पट्टे कोनात घातले तर आडव्या रेषेशी ६० अंशांना प्रत्येकात वजनाचे साधारण ५८ टक्के येतात, ४५ ला ७१, आणि ३० अंशांवर तर प्रत्येक पट्ट्यात पूर्ण वजन. चेन पुली घराच्या स्लॅबमधल्या पंख्याच्या हुकाला लावायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. तो हुक या वजनासाठी नाहीच.

वर्कशॉप वरच्या मजल्यावर असेल तर गोष्ट वेगळी. घराच्या मजल्यांचं डिझाइन साधारण दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो वापराचा भार धरून होतं, तेव्हा अर्ध्या चौरस मीटरवर ३०० किलो ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तळमजल्याच्या काँक्रीटवर काळजी नाही, टाइल्स असतील तर पोकळ वाजणाऱ्या टाइल्सवरून नेताना प्लाय दुहेरी टाका.

जागेवर आलं की घाईने चालू करू नका. स्किडवरून उतरवायचं तेही गुटक्यांनीच, चढवलं त्याच्या उलट क्रमाने, आणि लोकं नेमकी इथे दमलेली असतात म्हणून उतरवायच्या आधी पाणी प्या, बसा थोडं. मग चारही पाय खरंच टेकतात का ते कागदाची पट्टी सरकवून बघा. एक पाय अधांतरी असताना बोल्ट आवळला तर फ्रेम पिळली जाते, जॉइंटरमध्ये आणि लेथमध्ये हा पीळ सरळ कामात उतरतो, म्हणून आधी पत्र्याच्या चकत्या, मग बोल्ट. चाकांचा मोबाइल बेस लावायचा असेल तर टेबल सॉला खुशाल लावा, बँडसॉला लावलात तर काम करताना चाकं उचलून पायांवर उभा राहणारा घ्या.

वायर जोडताना सोडतानाचे फोटो काढलेले असतील तर प्रश्नच नाही. थ्री फेज मोटर असेल तर पातं आणि बेल्ट न लावता क्षणभर चालू करून फिरण्याची दिशा बघा, उलटी असेल तर मेन बंद करून कुठल्याही दोन फेज अदलाबदल करा. वायरिंगची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. त्यानंतर बेल्ट, मग पातं, मग टेबल सॉचं पातं टेबलावरच्या खाचेला समांतर आहे का, जॉइंटरची टेबलं लांब स्ट्रेटएजखाली (अचूक सरळ पट्टीखाली) समपातळीत आहेत का हे तपासून पहिलं लाकूड घाला. आणि आठवडाभर वापरून झाल्यावर बेसचे बोल्ट, पुली आणि टेबलांची पातळी परत एकदा बघा, नव्या जागी मशीन थोडं बसतं, चकत्या दबतात, तेव्हा एखादी पातळ चकती अजून लागेल.